काम आणि कृतार्थता

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, सेवानिवृत्त होणाऱ्या प्राथमिक शिक्षकांच्या निरोप समारंभास उपस्थित राहण्याचा योग आला. समारंभ नेहमीसारखाच होता. शाल, श्रीफळ, अधिकाऱ्यांची भाषणे आणि शेवटी सत्कारमूर्तींचे मनोगत. त्यांपैकी एक गुरुजी बोलावयास उभे राहिले. चौतीस वर्षांची सेवा, पाच बदल्या, दोन एकशिक्षकी शाळा असा सारा प्रवास त्यांनी थोडक्यात सांगितला. मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "चौतीस वर्षांत मी हजेरीपत्रक एकदाही अपुरे ठेवले नाही. पण आज मागे वळून पाहताना, त्या हजेरीपत्रकाखेरीज मी दुसरे काय जपले, हे मला आठवत नाही." सभागृह स्तब्ध झाले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच कळेना. सूत्रसंचालकांनी घाईघाईने आभार मानले आणि कार्यक्रम संपला.

गुरुजींचे वाक्य मात्र मनातून गेले नाही. ते केवळ त्यांचे वाक्य नव्हते. ग्रामपंचायतीत पाच वर्षे सदस्य म्हणून काढलेला कार्यकर्ता, फायलींवर सह्या करून थकलेला अधिकारी, आवकजावक नोंदवहीत आयुष्य घालविलेला लिपिक यांच्या मनात हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. पगार वेळेवर मिळाला, बढती मिळाली, घर झाले, मुले मार्गी लागली. तरीही आपल्या हातून काही घडले काय? मनुष्याला कामातून पैसा हवा असतो, मान हवा असतो, हे उघड आहे. परंतु त्यापलीकडे त्याला आणखी काही हवे असते. आपल्या भाषेत त्याला कृतार्थता असा नेमका शब्द आहे. करावयाचे ते केले, अशी मनाची निश्चिंती म्हणजे कृतार्थता. ती कशी येते आणि ती का येत नाही, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

असमाधान जाणे आणि समाधान येणे

या प्रश्नाचा शास्त्रीय दृष्टीने विचार करणाऱ्यांत फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांवर आधारलेला ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध केला. विचारणा साधी होती : नोकरीत तुम्हांला विशेष समाधान वाटले असा प्रसंग सांगा आणि विशेष असमाधान वाटले असाही प्रसंग सांगा.

उत्तरे तपासली असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. असमाधानाच्या प्रसंगांत वेतन, वरिष्ठांची वागणूक, कार्यालयाचे नियम, कामाची जागा यांचा उल्लेख वारंवार येत होता. समाधानाच्या प्रसंगांत मात्र एखादे काम तडीस नेल्याचा आनंद, त्याची कोणी घेतलेली दखल, खुद्द कामातील गोडी आणि अंगावर पडलेली जबाबदारी यांचा उल्लेख अधिक होता. म्हणजे समाधान आणि असमाधान ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. पंखा बंद असेल, बदली गैरसोयीची असेल, वेतन अपुरे असेल, तर मनुष्य असमाधानी होतो. या अडचणी दूर झाल्या म्हणजे त्याची तक्रार थांबते. परंतु तेवढ्याने तो कृतार्थ होतो असे नाही. यश मनुष्य स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, असा आक्षेप या निष्कर्षांवर पुढे घेण्यात आला व त्यात तथ्यही आहे. तरीसुद्धा त्यातील मूळ भेद आपल्या अनुभवाशी जुळतो. सोयीच्या ठिकाणी बदली होऊनही उदास राहिलेले सहकारी आपण पाहिले आहेत आणि गळक्या खोलीत उत्साहाने शिकविणारे शिक्षकही पाहिले आहेत.

आपल्या परंपरेचा दाखला

मराठी मनाला हा विचार परका नाही. आपल्या संतमंडळीत माळी, कुंभार, सोनार, शिंपी अशा सर्व व्यवसायांची माणसे होती. त्यांनी व्यवसाय सोडला नाही. तो करीत असतानाच त्यांना त्यांचे दैवत भेटले. सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या सावता माळ्यांविषयी परंपरा सांगते, की त्यांनी आपल्या मळ्यालाच पंढरपूर मानले. पुढे लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मत्यागापेक्षा लोकसंग्रहासाठी केलेले कर्म श्रेष्ठ होय, असा सिद्धांत विस्ताराने मांडला.

तथापि अशा थोर वचनांचा एक धोका आहे. ती भाषणात चांगली शोभतात. पण सोमवारी सकाळी कार्यालयात गेल्यावर त्यांचे नेमके काय करावयाचे, हे उमगत नाही. यासाठी एखादे प्रत्यक्ष उदाहरण बारकाईने पाहणे अधिक उपयुक्त ठरते. असे एक उदाहरण महाराष्ट्राच्या उत्तर किनारपट्टीवर, डहाणू तालुक्यात घडले. आज गावोगावी पोहोचलेल्या 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम त्या उदाहरणात आहे.

बोर्डी ते कोसबाड

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईत दादर येथे शिशुविहार उभा राहिला. पालकांची मान्यता होती, कीर्ती होती, काम स्थिरावले होते. सर्वसाधारण मनुष्याने येथे कृतार्थतेचा निःश्वास सोडला असता.

ताराबाईंना मात्र एक गोष्ट सलत होती. ज्या माँटेसरी पद्धतीचा त्या पुरस्कार करीत होत्या, त्या पद्धतीची पहिली शाळा १९०७ साली रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी निघाली होती. भारतात तीच पद्धती शहरातील सुस्थित कुटुंबांची झाली होती. तिची साधने महाग, तिच्या इमारती वेगळ्या. खेड्यातील मूल तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नव्हते. तेव्हा १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावी आल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

याच वर्षी एका शिबिरात त्यांची गाठ अनुताई वाघ यांच्याशी पडली. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीचे पुढचे आयुष्य ठरलेलेच असे. अनुताईंनी शिक्षण घेतले, त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. नोकरी चांगली होती. ती सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. काही काळ काम करून पाहावे, एवढाच त्यांचा विचार असेल. तो काळ ४७ वर्षांचा झाला.

आल्याबरोबर यश मिळाले, असे समजण्याचे कारण नाही. बालवाडी उघडली, पण मुले येईनात. शिक्षिका तयार, खेळणी तयार. मुलांची जागा रिकामी. अशा वेळी दोन मार्ग असतात. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा शेरा मारून अहवाल पूर्ण करणे हा पहिला मार्ग. तो सोपा आहे आणि आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. मुले का येत नाहीत, हे जाऊन पाहणे हा दुसरा. ताराबाई आणि अनुताई यांनी दुसरा मार्ग धरला. वस्तीत गेल्यावर कारणे दिसू लागली. आईबाप पहाटेच कामाला जात. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखी. अंगावर धड कपडा नाही, अंघोळ नाही, पोटात अन्न नाही. अशा अवस्थेत मूल परक्या इमारतीत येणार कसे?

मग शाळाच मुलांकडे गेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यावयाचे, आसपासची मुले गोळा करावयाची, त्यांची नखे कापावयाची, तोंड धुवावयाचे, केस विंचरावयाचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावयाचे. ही अंगणातली वाडी म्हणजे अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने, फुले आणि माती पुढे आली. मोजणी शिकविण्यासाठी परदेशी मण्यांची गरज नाही, चिंचोके पुरतात, हे एकदा ध्यानात आल्यावर पद्धतीचा आत्मा टिकून तिचा खर्च मात्र गळून पडला.

१९५० नंतरच्या दशकात हे काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. वेठबिगार आणि सावकारी कर्ज यांखाली हा समाज पिढ्यान्‌पिढ्या दबलेला होता. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. अशा समाजात शाळेविषयी आपलेपणा निर्माण करणे हे कष्टाचे काम होते. येथेही अडचणींतूनच वाटा निघाल्या. भावंडे सांभाळणारी मुलगी शाळेत येऊ शकत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवावी. भावंड पाळण्यात निजेल आणि बहीण वर्गात बसेल. यातून 'विकासवाडी' ही कल्पना आकारास आली. गुरे राखणारी मुले दिवसभर कुरणात असतात, तर शिक्षकानेच कुरणात जावे. यातून 'कुरणशाळा' निघाली. दिवसा येऊ न शकणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. ही कोणत्याही ग्रंथातून उतरवून घेतलेली योजना नव्हती. न आलेल्या प्रत्येक मुलामागे एक कारण होते आणि त्या कारणाचे उत्तर शोधता शोधता नवी पद्धती जन्मास येत गेली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्रास 'अंगणवाडी' हेच नाव लाभले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात आहेत. ताराबाईंना हा विस्तार पाहावयास मिळाला नाही. अनुताईंनी तो पाहिला. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासह त्यांनी 'ग्राममंगल' ही नवी संस्था उभी केली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी कोसबाड येथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

या उदाहरणातील धडे

हे सारे वाचून 'ती थोर माणसे होती, आपले तसे कोठे?' असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. पण बारकाईने पाहिले, तर या उदाहरणातील बऱ्याच गोष्टी सामान्य मनुष्याच्या आवाक्यातील आहेत.

पहिली गोष्ट ही, की जीवनाचे प्रयोजन ध्यानास बसून सापडत नाही. ते बहुधा अडलेल्या कामात सापडते. मुले येत नाहीत, ही ताराबाई आणि अनुताई यांची अडचण होती. त्याच अडचणीने त्यांना त्यांचे कार्य दाखवून दिले. आपल्या टेबलावर वारंवार परत येणारी फाईल, गावात दरवर्षी चैत्रात आटणारी विहीर, वर्गात सतत मागे पडणारी दोन मुले. ज्याला आपण कटकट म्हणतो, तेथेच आपल्या वाट्याचे काम उभे असते.

दुसरी गोष्ट, आपल्या कामाचे फळ ज्याच्या पदरात पडते, त्याचे तोंड पाहणे आवश्यक आहे. मिशिगन विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही कर्मचाऱ्यांची केवळ पाच मिनिटे भेट घालून दिली. महिनाभरानंतर पाहता, ते कर्मचारी पूर्वीपेक्षा दुपटीहून अधिक वेळ दूरध्वनीवर काम करीत असल्याचे आढळले. वेतन तेच, खुर्ची तीच, काम तेच. आपल्या कामाचा उपयोग कोणाला होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, एवढाच फरक. कोसबाडच्या शिक्षिकांना हे भाग्य रोज लाभत होते. कार्यालयात बसणाऱ्यास ते मुद्दाम मिळवावे लागते, कारण त्याच्यासमोर माणसाऐवजी कागद येतो.

तिसरी गोष्ट सोबतीची आहे. ताराबाई आणि अनुताई या दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते. कल्पना एकीची, ती पाड्यापाड्यांवर नेण्याचे कष्ट मुख्यतः दुसरीचे, अशी स्थूलमानाने कामाची वाटणी दिसते. मोठे कार्य एकट्याने होते, हा समज चरित्रग्रंथांनी पसरविला आहे. वास्तविक निराशेच्या दिवशी 'उद्या पुन्हा जाऊन पाहू' असे म्हणणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

चौथी गोष्ट फळाविषयीची. ताराबाईंना अंगणवाडीचा देशव्यापी विस्तार दिसला नाही, म्हणून त्यांचे जीवन अपुरे राहिले असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर त्या दिवशी आलेले मूल स्वच्छ होऊन हसले, हे त्या दिवसापुरते पुरेसे होते. कृतार्थतेचे माप फार मोठे ठेवले म्हणजे ते कधीच भरत नाही.

एका पत्रकाची गोष्ट

येथे माझा एक अनुभव नमूद करणे उचित होईल. माहिती खात्यातील नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे मी वृत्तपत्रांची कात्रणे काढणे, दौऱ्यांची वृत्ते देणे आणि योजनांची पत्रके काढणे यांत घालविली. कला शाखेची पदवी घेताना साहित्याची स्वप्ने पाहिली होती; हाती आली ती 'विहित नमुना' आणि 'विहित मुदत' यांची भाषा. हळूहळू कामातील रस गेला. पत्रक वेळेवर गेले की माझे काम संपले, अशी वृत्ती बनली. नोकरी सोडून द्यावी, असाही विचार मनात येऊन गेला.

एके दिवशी दुपारी एक वृद्ध शेतकरी कार्यालयात आले. अंगरख्याच्या खिशातून त्यांनी चार घड्या घातलेले कात्रण काढले. मीच काढलेल्या पत्रकाचे ते कात्रण होते. एका अनुदान योजनेसाठी पात्र शेतकऱ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत सादर करावेत, असे त्यात म्हटले होते. ते म्हणाले, "साहेब, ह्यात 'सक्षम प्राधिकारी' लिवलंय. तीन हापिसं फिरलो. हे साहेब बसत्यात कुठं?"

मी प्रथम हसलो. मग मुदत पाहण्यासाठी मूळ परिपत्रक काढले आणि हसू मावळले. अर्जाची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. ती तारीख परिपत्रकात होती; माझ्या पत्रकात नव्हती. मी तीन ठिकाणी दूरध्वनी केला, परंतु उपयोग झाला नाही. त्या वृद्धांनी माझ्यावर राग काढला नाही. कात्रणाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि "पुढल्या साली बघू" असे म्हणून ते निघून गेले. त्यांनी रागावावयास हवे होते, असे मला आजही वाटते.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळीत आलो आहे. योजनेचे प्रत्येक पत्रक बाहेर पाठविण्यापूर्वी मी ते आमच्या कार्यालयातील शिपाईमामांना वाचून दाखवितो. कोणी, कोठे, केव्हापर्यंत आणि कोणते कागद घेऊन जावयाचे, हे त्यांनी मला उलट सांगावयाचे. ते सांगू शकले नाहीत, तर चूक त्यांची नव्हे, पत्रकाची. प्रारंभी मामा संकोचत. आता ते निःसंकोचपणे विचारतात, "साहेब, तारीख कुठाय?" एकदा ती खरोखरच राहून गेली होती.

यात मोठे असे काही नाही. माझे पद बदलले नाही, काम बदलले नाही, कात्रणांचा ढीगही कमी झाला नाही. परंतु पत्रक लिहिताना आता माझ्यासमोर कागदापलीकडे एक चेहरा असतो आणि काम निरर्थक आहे, असे त्यानंतर मला वाटलेले नाही.

ही त्यागाची सक्ती नव्हे

येथे एक शंका उपस्थित होईल आणि ती रास्त आहे. कामातील समाधानाची ही भाषा, कमी मोबदल्यात अधिक काम करून घेण्यासाठी तर वापरली जाणार नाही ना? हा धोका काल्पनिक नाही. ज्या अंगणवाडीचा गौरव आपण वर केला, तेथील सेविका आणि मदतनीस यांचे काम 'मानसेवा' समजले गेले आणि त्यांना वेतनाऐवजी मानधन मिळत आले. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. २०२२ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला.

हर्झबर्गने दाखविलेला भेद येथे पुन्हा उपयोगी पडतो. योग्य मोबदला आणि सन्मानाची वागणूक यांची जागा कृतार्थता घेऊ शकत नाही, तशीच कृतार्थतेची जागा मोबदलाही घेऊ शकत नाही. दोन्ही हव्यात. वरिष्ठाने कनिष्ठाला सेवाभावाचा उपदेश करण्यापूर्वी त्याचे थकलेले प्रवास देयक मंजूर करावे, हे उत्तम. प्रयोजन हे ज्याचे त्याने शोधावयाचे असते. ते परिपत्रकाने लादता येत नाही.

प्रत्यक्षात काय करता येईल?

कार्यालयप्रमुखांनी महिन्यातून एक दिवस, निकाली निघालेल्या एखाद्या प्रकरणातील व्यक्तीची प्रत्यक्ष भेट घ्यावी आणि आपल्या लिपिकास सोबत न्यावे. ज्याने टिपणी लिहिली, त्याने ती विहीर, ते घरकुल किंवा ती शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी पाहिली पाहिजे. तपासणी हा या भेटीचा हेतू नसावा.

शिक्षकांनी हजेरीपत्रकातील गैरहजेरीच्या खुणा महिनाअखेर एकदा वेगळ्या दृष्टीने वाचाव्यात. दिवाळीनंतर जी नावे सलग गैरहजर दिसतात, ती बहुधा ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची असतात. त्या मुलांना गावीच आजी-आजोबांकडे वा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल काय, याची चौकशी कुटुंब निघण्यापूर्वी केली, तर उपयोग होतो; गाडी निघून गेल्यावर होत नाही.

पंचायत सदस्यांनी पाच वर्षांच्या कारकिर्दीत एक काम असे निवडावे, की जे आपण शेवटपर्यंत पाहू. ते लहान असले तरी चालेल. अंगणवाडीतील पाण्याची सोय, स्मशानभूमीची वाट, शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह यांपैकी कोणतेही. ग्रामसभेत त्याची स्थिती दर वेळी स्वतः उभे राहून सांगावी. झाले नसेल, तर का झाले नाही तेही सांगावे.

समारोप

आता पुन्हा त्या निवृत्त गुरुजींकडे वळू. हजेरीपत्रकाखेरीज आपण काही जपले नाही, याचा त्यांना खेद होता. वास्तविक त्यांच्या हाती असलेली वस्तू क्षुल्लक नव्हती. अनुताई ज्या प्रश्नापाशी उभ्या राहिल्या, तोच प्रश्न त्या हजेरीपत्रकाच्या प्रत्येक पानावर होता : हे मूल आज का आले नाही? फरक इतकाच, की एका ठिकाणी खूण करून पान उलटले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी त्या खुणेच्या शोधात कोणी पाड्यापर्यंत चालत गेले.

आणि वेळ गेली आहे, असेही मानण्याचे कारण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले. सर्वांना कर्वे होता येणार नाही. पण गुरुजींच्या गावात गैरहजर राहणारे एक तरी मूल असेलच, आणि त्याच्या घरापर्यंत चालत जाण्यास सेवेत असणे आवश्यक नाही. मी त्यांना तसे पत्र लिहिले आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कामाचा उपयोग ज्यांना होतो, अशा किती व्यक्तींना आपण गेल्या वर्षात प्रत्यक्ष भेटलो?

२. आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा पंचायतीत असमाधानाची कारणे कोणती? त्यांपैकी कोणती आपल्या अधिकारात दूर करता येतील?

३. एखाद्या योजनेचा लाभ ज्यांना मिळाला नाही, त्यांच्याविषयीच्या अहवालात आपण कोणते कारण लिहिले? ते कारण जाऊन पाहिले होते काय?

४. आपण काढलेली शेवटची सूचना किंवा नोटीस गावातील एखाद्या कमी शिकलेल्या व्यक्तीस वाचून दाखवावी. कोठे, केव्हा आणि काय घेऊन जावयाचे, हे त्या व्यक्तीस सांगता आले काय?